एका शब्दाची ‘किरकोळ दुरुस्ती’

प्रश्न : आमचा ३१ जणांचा गट आहे. सगळे नोकऱ्या सांभाळून रात्री आणि रविवारी काम करणारे. अंध विद्यार्थ्यांना मराठी मजकूर वाचून दाखवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर (म्हणजे कोणीही वापरावं, आत बघावं, बदलावं आणि वाटावं असं) आम्ही बनवतो. नऊ वर्षांपूर्वी ज्या सरांनी हे सुरू केलं, त्यांनी पहिल्याच बैठकीत सात ओळींची प्रतिज्ञा लिहिली होती. तिची तिसरी ओळ : ‘आम्ही जे देऊ ते सगळं मुक्त असेल.’ आमचा आजवरचा आवाज ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या मुक्त प्रोग्रामवर बेतलेला आहे. ‘च’ आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार सरांनी स्वतः शब्दांच्या याद्या करून त्यात बसवले. पण आवाज शेवटी यंत्राचाच वाटतो. यंदा एका कंपनीने आपला तयार मराठी आवाज आम्हाला फुकट वाटायची परवानगी दिली. इतका गोड की मुलं ऐकतच राहतात. मात्र तो आतून बंद आहे, आणि परवानगी दरवर्षी नव्याने घ्यायची.

यावरून गटात वाद पेटला. समन्वयक म्हणून मी ठराव मांडला. विषय लिहिला, ‘प्रतिज्ञेत किरकोळ दुरुस्ती’. ‘ते सगळं’च्या जागी ‘ते सगळं सॉफ्टवेअर’ करायचं. म्हणजे आवाजाची फाइल ही नुसती माहिती ठरते, सॉफ्टवेअर नाही, आणि वाद मिटतो. मतदानाला चार दिवस दिले. ते गणपतीचे होते, हे खरं. ८ विरुद्ध ३ मतांनी ठराव झाला. वीस जण काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सर एक शब्द न बोलता गटातून बाहेर पडले. दोघं जण ‘वेगळं काढतो’ म्हणताहेत. नवा आवाज जोडायला ज्या मुलाने तीन महिने रात्री जागवल्या तो म्हणतो, ठराव मागे घेतलात तर मी चाललो. तत्त्व मोठं की वापरणारी मुलं? आणि सरांना समजावू कसं?
– समन्वयक, नाशिक

उत्तर : समन्वयकबाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी पूर्ण तुमच्या बाजूची होते. दुसऱ्यांदा ‘किरकोळ’ या शब्दाला अडखळले आणि तिथून पुढे सरांच्या बाजूची झाले. आवाजाबद्दलचं माझं मत नंतर सांगते, ते तुमच्यापासून फार लांब नाही. आधी त्या शब्दाचं बघू.

आपल्याकडे कुठल्याही सभेच्या विषयपत्रिकेची शेवटची ओळ ठरलेली असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्या ओळीखाली गेटचा बंद पडलेला दिवा यावा, टाकीची सफाई यावी. सोसायटीचे उपविधी त्या ओळीखाली बदलता येत नाहीत. त्याला आधी नोटीस द्यावी लागते, आणि निबंधकाकडे नोंद झाल्याशिवाय दुरुस्ती लागूच होत नाही. हे नियम ज्यांनी केले त्यांनी शेजाऱ्यांची भांडणं जवळून पाहिलेली असणार. तुम्ही उपविधी बदललात तो ऐनवेळच्या विषयात, तेही आरतीच्या गडबडीत.

वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या गटाने, जवळजवळ याच शब्दावरून, हेच करून झालंय. डेबियन तुम्ही वापरत असाल, निदान ऐकून तरी असाल. १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केलेली, विंडोजसारखी संगणक चालवणारी ही यंत्रणा आज जगभरातले हजारभर स्वयंसेवक चालवतात. मालक नाही, साहेब नाही, पगार नाही. १९९७ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘सामाजिक करार’ स्वीकारला. तेव्हा धुरा ब्रूस पेरेन्सकडे होती. संस्थापक मर्डॉक आधीच बाजूला झाला होता. करारात कलमं पाचच. पहिलं असं की डेबियन शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर राहील.

२००४ च्या एप्रिलमध्ये एक ठराव मतदानाला आला. त्याचं नाव होतं, ‘सामाजिक करारातील संपादकीय दुरुस्त्या’. त्यात या पहिल्या कलमातला ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द गेला आणि उरलं ‘शंभर टक्के मुक्त’. तुम्ही जो शब्द घातलात तोच त्यांनी काढला. मांडणाऱ्यांचं म्हणणं, यात नवं काही नाही, आधीपासून जो अर्थ होता तोच स्वच्छ होतोय. ठराव मंजूर झाला.

मग प्रकाशनाची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याने नवी ओळ वाचली आणि तिचा सरळ अर्थ लावला. सगळंच मुक्त हवं, तर मग सोबतची माहितीपुस्तकंही मुक्त हवीत. त्यातल्या काहींच्या परवान्यात अमुक भाग बदलायचा नाही अशी अट होती. यंत्राच्या सुट्या भागांना चालू करणारं फर्मवेअरही मुक्त हवं; त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) डेबियनकडे नव्हती. हे सगळं उपसून काढल्याशिवाय पुढची आवृत्ती काढता येणार नाही, असं त्याने जाहीर केलं. ती आवृत्ती, सार्ज, दाराशी येऊन उभी होती. आधीची आवृत्ती २००२ ची. आता लोक जागे झाले. आम्हाला वाटलं व्याकरणाची झाडलोट चाललीय, ही तर भिंत पाडलीत, असं अनेकांचं म्हणणं पडलं. महिन्या-दोन महिन्यांत दुसरं मतदान घ्यावं लागलं.

त्या दुसऱ्या मतदानात काय ठरलं ते नीट पाहा, कारण तुम्हाला उपयोगी तेच आहे. त्यांनी कोण खरा तत्त्वनिष्ठ याचा निवाडा केला नाही. नव्या ओळी सार्ज बाहेर पडेपर्यंत लांबणीवर टाकल्या, एवढंच. सार्ज निघाली ६ जून २००५ ला, आणि त्यानंतर नव्या ओळी लागू झाल्या. आमचा विश्वास कशावर, हा एक प्रश्न. या खेपेला बाहेर काय पाठवायचं, हा दुसरा. दोन्ही एका मतपत्रिकेत कोंबले की माणसं दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतात.

आता याच घरातली १८ वर्षांनंतरची गोष्ट. २०२३ च्या आधी ज्यांनी लॅपटॉपवर डेबियन बसवलं असेल त्यांना तो पडदा आठवेल : बसवणं निम्म्यावर आलेलं, आणि मध्येच निरोप येतो की तुमच्या वायफाय कार्डाला अमुक नावाची फर्मवेअर फाइल लागते, ती पेनड्राइव्हवर आणून द्या. फाइल आणायची इंटरनेटवरून, आणि इंटरनेटला हवं वायफाय. मग फोनवरून उतरवून घ्या, नाहीतर शेजाऱ्याचं दार ठोठवा. फर्मवेअर घातलेली वेगळी ‘अनधिकृत’ प्रतही मिळायची, पण ती आहे हे आधी ठाऊक असायला हवं. तुमच्या कामाशी थेट जोडलेला एक मुद्दा यावरच्या चर्चेत निघाला. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये अंध माणसाला बोलून मार्ग दाखवायची सोय आहे. पण नव्या लॅपटॉपमधल्या काही साउंड कार्डांनाच फर्मवेअर लागतं. ते नसेल तर आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणजे त्या माणसाला डेबियन स्वतःच्या हाताने बसवताच येत नाही.

२०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यावर मतदान झालं. जिंकलेल्या पर्यायाचं नावच असं सुरू होत होतं : ‘सामाजिक करार बदला’. कशासाठी, तर इन्स्टॉलरमधल्या अमुक्त फर्मवेअरसाठी. किरकोळ नाही, संपादकीय नाही. कराराच्या पाचव्या कलमात एक वाक्य वाढलं, की अधिकृत प्रतीत असं फर्मवेअर असू शकेल. ते राहतं वेगळ्या नावाच्या वेगळ्या कप्प्यात, कोणीही बघून ओळखावं असं. १० जून २०२३ ला बुकवर्म नावाची आवृत्ती निघाली ती हे घेऊनच. नाराज लोक तेव्हाही होते. पण मला फसवलं असं म्हणायला फारशी जागा कोणाला उरली नव्हती.

तुमचा ठराव २००४ चा आहे, तो २०२२ चा करायचाय. माझ्या सांगण्याचं सार एवढंच, बाकी सगळी अंमलबजावणी.

‘तत्त्व मोठं की वापरणारी मुलं’ हा प्रश्न मात्र सोडून द्या. तो भांडायला चांगला आहे, ठरवायला निरुपयोगी. डेबियनच्या कराराचं चौथं कलम म्हणतं, आमचं प्राधान्य आमचे वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर. दोन्ही एका वाक्यात, मध्ये ‘आणि’. त्या ‘आणि’वर ती मंडळी गेली पंचवीसेक वर्षं भांडत आली आहेत, आणि दर वेळी दोन्ही बाजू तेच कलम दाखवतात. तुमच्या सात ओळी मी पाहिलेल्या नाहीत. पण त्यात एक ओळ मुलांबद्दल असणारच, नाहीतर सरांनी हे सुरूच केलं नसतं. पैज लावते, सर आणि तो रात्री जागणारा मुलगा एकाच कागदावर बोट ठेवून भांडताहेत.

सरांचं बोट कुठे आहे ते तुम्हीच पत्रात जाता जाता सांगून गेलात. ‘च’चे दोन उच्चार. ‘चोच’मधले दोन्ही च एका जातीचे, आणि ‘चोचीत’ म्हटलं की शेवटचा च दुसऱ्या जातीत उडी मारतो. मराठी माणसाला हे कोणी शिकवत नाही, आणि यंत्राला कोणी शिकवल्याशिवाय येत नाही. सरांनी ते शिकवलं. ते शिकवू शकले, कारण आत हात घालायला जागा होती. कोणाची परवानगी लागली नाही, कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागली नाही. त्यांच्या लेखी ‘मुक्त’ म्हणजे बहुधा ही यादी. त्या गोड आवाजाला ‘चोच’ आणि ‘चोचीत’ म्हणायला लावून बघा. दोन्ही बरोबर म्हणाला तर उत्तमच. चुकला तर दुरुस्ती कोण करणार, आणि पुढच्या वर्षी परवानगीच आली नाही तर मुलांना काय सांगणार, हे दोन प्रश्न तत्त्वाचे नाहीत, रोजच्या कामाचे आहेत. आणि सरांनी ते विचारायच्या आधीच तुम्ही मतदान बंद केलंत.

म्हणून पहिलं काम : सरांना भेटायला जा. फोन नको, मेसेज तर नकोच. समजावायला जाऊ नका, सांगायला जा, की ‘सर, विषय मी चुकीच्या नावाने मांडला, तो मी मागे घेतेय.’ ‘पण’ लावून पुढचं वाक्य सुरू करू नका. चहा प्या आणि या. ते गटात परत येतील की नाही हे त्या दिवशी कळणार नाही, आणि विचारूही नका.

दुसरं : गटाला स्वतःच्या नावाने कळवा की ती दुरुस्ती रद्द समजा, कारण नोटीस पुरेशी नव्हती आणि शीर्षक दिशाभूल करणारं होतं. डेबियनच्या कराराचं तिसरं कलम म्हणतं, आम्ही अडचणी लपवणार नाही. ते आहे सॉफ्टवेअरमधल्या दोषांबद्दल, पण समन्वयकांनाही लागू करायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, बहुमत तर होतं. बघू या. प्रतिज्ञा तुमचीच, त्यामुळे माप कुठलं लावायचं हा तुमचा प्रश्न. पण मला डेबियनचं लावून पाहायचा मोह आवरला नाही. त्यांचं एक सूत्र आहे. सभासदसंख्येचं वर्गमूळ घ्या, त्याचं निम्मं करा, त्याची तिप्पट करा. निदान तेवढ्यांनी तरी एखादा पर्याय ‘यातलं काहीच नको’च्या वर ठेवलेला असला पाहिजे, तरच तो मोजणीत राहतो. ३१ चं वर्गमूळ साडेपाचाच्या जरा वर. निम्मं २.७८. तिप्पट ८.३५. तुम्हाला मिळाली ८. शिवाय करारासारखे पायाभूत दस्तऐवज बदलायला तीनास एक असं बहुमत लागतं. हे त्यांनी २००३ साली, पुन्हा मतदान घेऊनच, पक्कं केलं. तुमच्याकडे विरोधात ३, म्हणजे बाजूने ९ हवी होती. दोन्ही चाळण्यांतून तुमचा ठराव एकेका मताने निसटतो. चेष्टा करत नाही, पण मला हे बघून हसू आलं खरं.

या मापातली खरी हुशारी आकड्यांत नाही, त्या ‘यातलं काहीच नको’त आहे. डेबियनच्या प्रत्येक मतपत्रिकेवर तो पर्याय असतो. पूर्वी त्याचं नाव ‘आणखी चर्चा’ असं होतं. मला ते जास्त आवडायचं. मतदार सगळ्या पर्यायांना पसंतीक्रम देतो, आणि हा पर्यायही त्या रांगेत उभा असतो. त्यामुळे ‘मला अजून पटलेलं नाही’ असं म्हणायला विरोधक व्हावं लागत नाही. तुमचे ते वीस गप्प लोक आठवा. त्यातले काही गावी गेले असतील, काहींना खरंच फरक पडत नसेल. पण बरेचसे भिडेखातर गप्प बसले असणार. बाजूने मत द्यावं तर सरांना दुखावणं, विरोधात द्यावं तर तुम्हाला. त्यांच्यासाठी तुमच्या मतपत्रिकेवर रकानाच नव्हता.

भिडेवर आणखी एक उपाय, तो म्हणजे गुप्त मतदान. डेबियनमध्ये ठरावांवर कोणी काय मत दिलं ते नावानिशी जाहीर व्हायचं. २०२१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्याबद्दल निवेदन काढायचं का, यावर तिथे मतदान झालं तेव्हा हे उघडेपण अनेकांना जड गेलं. काहीच निवेदन काढायचं नाही, हा पर्याय जिंकला. पुढच्याच वर्षी त्यांनी ठरावांवरची मतंही गुप्त केली. हजार अनोळखी लोकांना जे जड जातं ते ३१ ओळखीच्यांना जाणारच. तुमच्याकडे तर लोक एकमेकांच्या लग्नांना जाऊन आले असतील.

मतं मोजायला मात्र तुम्ही नको. ठराव तुम्ही लिहिलात, मुदत तुम्ही ठरवलीत, मत दिलंत आणि निकालही तुम्हीच सांगितलात. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण ही चार कामं एका हातात असली की हेतूवर शंका घ्यायला जागा राहते. २००८ च्या डिसेंबरात डेबियनमध्ये पुन्हा फर्मवेअरवरूनच मतदान होतं. मतपत्रिका कशी मांडली, आणि कुठल्या पर्यायाला तीनास एक लागेल हे सचिवाने कसं ठरवलं, यावरून इतकं रणकंदन झालं की मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. सचिव मनोज श्रीवास्तव यांनी राजीनामा दिला. बरीच वर्षं ते काम केलेला माणूस. आवृत्ती निघायची ती निघालीच, १४ फेब्रुवारी २००९ ला, नाव लेनी. जाता जाता सांगते, त्याच लेनीपासून डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आला. तर मोजणीसाठी असा कोणी शोधा ज्याला या आवाजाशी घेणं-देणं नाही. गटाबाहेरचा चालेल, आणि पर्यायांची भाषा मतदानाआधी दोन्ही बाजूंना दाखवून घ्या.

आता तो मुलगा. तीन महिन्यांच्या रात्री ही लहान गोष्ट नाही, आणि ‘मी चाललो’ हे तो रागापेक्षा थकव्याने म्हणत असावा. त्याला एकट्याला गाठून सांगा की त्याचं काम फुकट गेलेलं नाही. आवाज जोडायची खिडकी त्याने बनवली आहे. तिच्यातून उद्या दुसरा, मुक्त आवाजही आत येईल. पण त्याच्या धमकीवर ठराव टिकवू नका. डेबियनच्या घटनेत मला फार आवडणारी एक तरतूद आहे : ही घटना कोणावरही काम करण्याचं बंधन घालत नाही, फक्त झालेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम काम करायचं नाही. स्वयंसेवकांच्या घरात यापलीकडे हुकूम चालतच नाही. त्याला थांबवता येत नाही, सरांना ओढून आणता येत नाही, आणि त्या दोघांना वेगळी चूल मांडण्यापासून अडवताही येत नाही.

वेगळ्या चुलीचं म्हणाल, तर ती फितुरी नव्हे. मुक्त परवाना दिलात तेव्हाच त्यांना तो हक्क देऊन बसलात. २०१४ मध्ये सिस्टमडीवरून, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीचं सगळं चालू करणाऱ्या एका प्रोग्रामवरून, डेबियनमध्ये असंच झालं. तांत्रिक समितीत चार-चार अशी समसमान विभागणी आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने निकाल. मग नोव्हेंबरात सर्वांचं मतदान, त्यात जिंकलेला पर्याय असा की यावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही. त्याच सुमारास जुनी-जाणती माणसं थकून बाहेर पडली, समितीतून राजीनामे आले, आणि काही जणांनी डेव्हुआन नावाने वेगळं घर बांधायला घेतलं. त्यांची पहिली स्थिर आवृत्ती यायला २०१७ चा मे उजाडला. डेबियन चालू राहिलं, डेव्हुआनही चालू आहे. पण डेबियनकडे हजार माणसं आहेत. तुमच्या ३१ मधून दोन-तीन गेली, आणि त्यात उच्चारांच्या याद्या करणारा माणूस असला, तर दोन्हीकडे काम अर्धवट राहील. हे त्या दोघांना सांगा. अडवण्यासाठी नाही, हिशोब म्हणून.

राहिला आवाज. विचारलं नाहीत, तरी सांगते. मला पेटीत, म्हणजे तुम्ही वाटता त्या मूळ संचात, तो नको, पण पेटीजवळ हवा. २०२२ च्या त्या फर्मवेअरचा अपवाद सोडला, तर डेबियनने १९९७ पासून अमुक्त गोष्टींना घरात घेतलं नाही आणि दारातून हाकललंही नाही. ओसरीवर जागा दिली. वेगळा कप्पा, आणि करारातच लिहिलेलं की हा आमच्या यंत्रणेचा भाग नाही, पण तुम्हाला लागत असेल तर आम्ही मदत करू. २००४ मध्ये, त्या गाजलेल्या ठरावाच्या महिनाभर आधीच, हा कप्पा काढून टाकायचा प्रस्तावही आला होता. लोकांनी कप्पा ठेवला. तुमच्याकडे तसं करता येईल : पेटी उघडली की सरांचा आवाज बोलायला लागेल आणि विचारेल, ‘दुसरा आवाज उपलब्ध आहे, तो मुक्त नाही, त्याची परवानगी अमुक तारखेपर्यंत आहे, हवा का?’ एक कळ दाबायची. मात्र ही कळ एखाद्या अंध मुलाच्या हातात देऊन बघा, तुमच्या गटातल्या डोळस माणसाच्या नको. त्याला तीन पडदे पार करावे लागत असतील तर ओसरी रस्त्यापलीकडे बांधली असं समजा आणि पुन्हा करा.

तर नव्या मतपत्रिकेवर चार ओळी. प्रतिज्ञा आहे तशी, आवाज नको. प्रतिज्ञा आहे तशी, आवाज ओसरीवर. प्रतिज्ञा बदला, आवाज पेटीत. इथे ‘बदला’ हाच शब्द. आणि ‘आणखी चर्चा’. किती मतांनी प्रतिज्ञा बदलेल हे मतदानाआधी ठरवून लिहून टाका, नंतर नाही. पुढची आवृत्ती तोवर जुन्याच आवाजात जाऊ द्या. मुलांच्या तो सवयीचा आहे, दोन-तीन महिने आणखी ऐकतील.

चर्चेला आणि मतदानाला मिळून निदान चार आठवडे द्या. तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा : दिवाळी नको, आणि ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये हात लावू नका. नोटिशीला कंपनीच्या परवानगीपत्राची प्रत जोडा. पूर्ण जोडा, खालच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. आठ जणांनी त्याच्या बाजूने मत दिलं, पण त्यातल्या किती जणांनी ते वाचलं होतं?